क्षमेचा थेंब

—हो हो, कळलं, डोळे वटारू नका आई, औषधाची वेळ झालीय ते दिसतंय मला. अर्धांगाचा झटका आल्यापासून तुमचं सगळं बोलणं त्या डोळ्यांतच आलंय, नाही का? आठ महिने मी बोलते नि तुम्ही ऐकता — आधीची बावीस वर्षं उलटं होतं! चेष्टा केली हो. फादरना मी खरं ते सांगून टाकलं — म्हटलं, सासूचं सगळं करते, अंग पुसते, भरवते, पण मनात नाही नाही ते येतं. ते म्हणाले, मन मोकाट सोडू नकोस, सद्गुणांना धरून बस. आता धरून बसायचं म्हणजे कसं? मग माझं मीच शोधून काढलं. डॉक्टरांनी सांगितलंय सहा थेंब, सातवा तुमच्या हृदयाला झेपायचा नाही. म्हणून पेल्यात थेंब पाडताना थेंबागणिक एक गुण म्हणते. हे बघा — सत्य. दया. धीर. नम्रता. क्षमा—

आलंच मेलं मनात! रोज इथंच अडतं, शेवटी कसेबसे सहा पुरे करते. माझी आई गेल्याचा फोन तुम्ही घेतला होता. मला काय म्हणालात? "काही नाही गं, राँग नंबर." का? तर घरी पाहुणे होते, रांधायला हात हवे होते. दोन दिवसांनी सांगितलंत. मी पोचले तेव्हा कबरीवरची फुलंसुद्धा सुकली होती — तुम्हाला वाटलं मी विसरले? मलाही वाटलं होतं. असो. वाईट विचार आला की पहिल्यापासून, असा माझा नेम आहे. सत्य. दया. धीर. नम्रता. क्ष— छे, पुन्हा तेच!

पेल्यात काय बघताय? आधीचे थेंब ओतून द्यायचे राहिले? रोज देते की बेसिनमध्ये. आज... आज ओतून दिले का मी? किती झाले असतील? मी मोजते कुठे, मी गुण म्हणते. घाबरू नका, तुमचा मुलगा संध्याकाळी सहा वाजल्याशिवाय येत नाही, घाई कुणाला आहे? सत्य. दया. धीर. नम्रता.

क्षमा.

अगंबाई, पडला! मनात काहीसुद्धा आलं नाही, आई — आठ महिन्यांत पहिल्यांदा. किती हलकं वाटतंय म्हणून सांगू! आणि हा शेवटचा, शांतीचा.

चला, तोंड उघडा.