टपावर दादाची होडी

...आणि वर सुतार म्हणतो, गाडीचा टप सरळ नसतो. आता हे मला आधी कोण सांगणार? तुम्हाला सांगतो, पंधरा वर्षं ती गाडी वापरतोय, रोज पुसतोय, पण टपाला मधे फुगवटा आहे हे कळायला मला दोन सरळ फळ्या कापून, घासून, वॉर्निश लावून वर ठेवाव्या लागल्या, आणि ठेवल्या तशा दोन्ही डुगडुगायला लागल्या. मी भूगोल शिकवतो हो. पृथ्वी गोल आहे हे पोरांना तीस वर्षं सांगतोय, गाडीचं मला कुणी सांगितलं नाही.

पण करणार काय, दादाची कयाक होती. कयाक म्हणजे ती एकट्याने बसायची चिंचोळी होडी. माझ्या थोरल्या भावाने गॅरेजमध्ये दोन वर्षं खपून स्वतःच्या हाताने बनवली, शेवटचा रंग दिला, आणि रंग वाळायच्या आत अंथरुणाला लागला. तीन महिन्यांत गेला. होडीला पाणी लागलंच नाही. मग एक दिवस वहिनी म्हणाल्या, ‘‘भावजी, तेवढी एकदा तळ्यात घालून आणू.’’ तेवढी म्हणजे चौदा फूट.

टपावर होडी बांधायची विकतची रॅक आमच्या गाडीला बसेना. दुकानदार म्हणाला, ‘‘साहेब, ह्या रॅकला आता गाडीच नवी बसवा.’’ म्हणून लाकूड. बायको म्हणाली, ‘‘अहो, तुम्हाला भिंतीत खिळा ठोकता येत नाही.’’ खरंय. मी भूगोल शिकवतो.

तर तो सुतार. फळ्या उलट्यापालट्या करून मयताला आल्यासारखा हात बांधून उभा राहिला, मग म्हणाला, ‘‘सर, खाली टपाच्या आकाराचे ठोकळे द्या. आणि काहीतरी मऊ घाला, नाहीतर पत्रा जाईल.’’ मऊ म्हटल्यावर वहिनींनी काय आणून दिलं माहितीये... दादाच्या आजारपणातली गादी. ‘‘फोम चांगला आहे, कापा,’’ म्हणाल्या. तुम्ही कापून बघा. मी कात्री घेऊन अर्धा तास नुसता बसलो. दोन वर्षं दादा फोन करायचा, ‘‘अरे, रविवारी ये, नुसती एक फळी धरायला ये,’’ आणि मी म्हणायचो, पेपर तपासायचेत. दर रविवारी कोण तपासतं हो भूगोलाचे पेपर?

निघालो. ताशी तीसने. होडी बांधलेले वरचे पट्टे वाऱ्याने असे विव्हळत होते की मागचा ट्रकवाला हॉर्न न वाजवता निमूट मागे राहिला. वहिनी म्हणाल्या, ‘‘रॅक निघाली तर?’’ म्हटलं, ‘‘तर होडी आपल्याआधी पोचेल.’’ दादा गेल्यापासून पहिल्यांदा हसल्या.

रॅक निघाली नाही. होडी पाण्यात घातली, तर वहिनी न विचारता तीत बसल्या आणि सरळ वल्हवत गेल्या. कुठे शिकल्या कुणास ठाऊक. मी काठावर. तळी कशी तयार होतात हे मला तोंडपाठ आहे, पोहता येत नाही. मी भूगोल शिकवतो ना. वहिनी ठिपक्याएवढ्या झाल्या, तेव्हा मी रडून घेतलं, आजूबाजूला कुणी नव्हतं.

तासाभराने परत आल्या, ओल्याचिंब, डोळे लाल. म्हणाल्या, ‘‘भावजी, सांगायचं राहिलं. ह्यांनी दुसरी होडीही अर्धी करून ठेवलीय. गॅरेजमध्ये मागे ताडपत्रीखाली आहे. तुमच्या मापाची.’’

माझ्या मापाची... कालपासून रॅक रुंद करायला घेतलीय.