बिस्नागाची दक्षिण बाजू

हॅलो? … कोण, ओतिलिया? अगं बाई, आहेस कुठे! सकाळपासून चार वेळा फोन लावला. … नाही नाही, कुणी गेलं नाही! तुझं आपलं भलतंच. चांगली बातमी आहे.

अगं, मामंजींची बिस्नागा! कळ्या धरल्यात तिला! … हो गं, तोच पिंपाएवढा निवडुंग, लाल काट्यांचा. … मेली नाही! तीन वर्षं सगळं गाव म्हणत होतं, गेली, आता सरपणाला घ्या. आणि आज हे टेकडीवरून धावत खाली आले. … हो, धावत! तो गुडघा घेऊन! मला वाटलं साप चावला. तर अंगणातूनच ओरडले, "लिंदा, कळ्या!"

मोजल्या ना. तेवीस. डोक्यावर गोल कडं घातल्यासारख्या.

बाकीच्या? नव्या रस्त्यासाठी हलवलेल्या सगळ्याच जगल्या. ती वाकड्या काट्यांची तर भलतीच उद्दाम, दुसऱ्याच वर्षी जांभळी फुलली. पिवळ्या काट्यांवालीला फळं आली. हिचंच तेवढं अडलं होतं. … हो, उन्हानं एक बाजू भाजली, तो डाग आहेच. पण वरून नवी वाढ आलीय, हिरवीगार.

नाबोरभावजींना सांग की! … समोरच बसलेत? मग? काय म्हणाले? … जेवतायत? अगं, तोंड काय नुसतं जेवायला दिलंय देवानं?

ऐक, चिडू नकोस. ह्यांनी गावासमोर त्यांना काय काय ऐकवलं, ठाऊक आहे मला. "तुला दक्षिण-उत्तर कळत नाही, आपल्या बापानं बी लावून वाढवलेलं झाड मारलंस." … हो, तेही म्हणाले. तिथंच होते मी. आणि भावजींनी फावडं टाकलं नि साल्तियोची बस धरली ती धरलीच.

पण आता या ना! शुक्रवारच्या आत. … अगं, कळ्या थांबतात का! एकदा उमलल्या की खाण्याच्या कामातून गेल्या. आणि ह्यांनी एकही तोडली नाही. सुरी घेऊन दोनदा वर गेले, दोनदा हात हलवत परत. … विसरलीस? ज्यानं रोप लावलं त्यानं पहिली कळी तोडायची, मामंजींचा नियम. आणि ही नव्या जागी लावली कुणी? भावजींनीच ना! … छे, तसं तोंडानं कुठले म्हणतायत! मला विचारलं, "घरात अंडी किती?" म्हटलं, सहा. तर म्हणे, "दोन माणसं जास्त आली तर कळ्यांत घालायला पुरतील?" … तेच म्हणते मी! ह्यांच्यासाठी हे म्हणजे भाषणच झालं.

… येणार नाहीत? … का पण? … "चूक माझी नव्हती" म्हणतायत?

… ओतिलिया, जरा बाहेर ये बघू फोन घेऊन. … आलीस? ऐक. चूक त्यांची नव्हतीच. … मला कसं ठाऊक म्हणजे… भावजींनी खणायच्या आधी दक्षिणेच्या अंगाला लाल दोरा बांधला होता ना? नव्या जागीही ती बाजू दक्षिणेलाच यावी, नाहीतर कोवळं अंग उन्हात भाजतं, म्हणून? तो रात्रीत आमच्या शेळीनं खाल्ला. … दोराच! काटे चघळते ती, दोऱ्याचं काय घेऊन बसलीस! मग सकाळी मी दुसरा बांधला. अंदाजानं. … अगं, सरळसोट उभी होती ती! म्हाताऱ्या बिस्नागा दक्षिणेला कलतात, तशी कललेली असती तर आंधळ्यालाही कळलं असतं.

सांगणार होते गं. आज सांगू, उद्या सांगू… मग ती भाजली, ह्यांचा तो अवतार बघितला, आणि जीभच उचलली नाही. तीन वर्षं तुझा फोन आला की पावसापाण्याचंच बोलत राहते.

… ओतिलिया? रडतेस? … हसतेस? मेले, मी इथं जीव तोडून… कोण आलं मागे? अगं, त्यांना कुठे देतेस फोन! नको—

… भावजी. … हो, मीच. माफ करा म्हणायला तोंड नाही मला. … काय? … तुम्हाला ठाऊक होतं? … मला बांधताना पाहिलंत? … हां, वाटलं दोरा सैल झाला म्हणून आवळतेय. पण भाजल्यावर तरी कळलं ना! मग बोलला का नाहीत? … काय म्हणालात? … तुम्ही बस धरून जाऊ शकत होतात, मला ह्याच घरात राहायचं होतं म्हणून?

… हो, रडतेय! मग काय करू!

थांबा. फोन ठेवलात तर याद राखा. हे आलेत. … अहो! इकडे या. ती सुरी आधी खाली ठेवा. नाबोरभावजी आहेत फोनवर. आणि ऐका, तो दोरा मी बांधला होता. मी. शेळीनं खाल्ला, आणि मी भलत्याच बाजूला बांधला. भावजींची काही चूक नव्हती.

… भावजी, आहात ना? सुरी ठेवली ह्यांनी. … आता हात पुढे केलाय. … माझ्याकडे नाही, फोनकडे.

घ्या. आणि नीट बोला.

… हॅलो. नाबोर? मी फिदेन्सियो. … हं. … हं. … नको रे, तू कशाला माफी मागतोस, गाढवा. … बस किती वाजता पोचते? … बरं. दोघांना घ्यायला मी येतो स्टँडवर. ठेव आता, आवर लवकर.