तिप्पण्णाचा माग

(सोलापुरातला चादरींचा कारखाना. जेवणाची सुट्टी.)

ईरप्पा : बिस्कीट खाऊन आलास व्हय? मिशीला चुरा हाय.

तिप्पण्णा : वाटाघाटीत खावं लागतं. न्हाय खाल्लं तर मालकाला वाटतं, बोलणी फिसकटली. माज्या मागाला इबूत कुणी लावली?

ईरप्पा : मी. पगारवाढीची बोलणी संपेस्तोवर तुजा माग बी मीच चालवायचा. मग एकाला लावायची आन् दुसऱ्याला न्हाय, बरं दिसतं का?

तिप्पण्णा : मी कुंकू लावतो त्याला.

ईरप्पा : कामगारांनी तुला बोलणी करायला निवडलं, तू हापिसात पंख्याखाली गेलास. मला कुणी निवडलं न्हाय. मला तुजा माग मिळाला.

तिप्पण्णा : धागा तुटतो का?

ईरप्पा : न्हाय.

तिप्पण्णा : एकदाबी?

ईरप्पा : परवा तुटला. तू हापिसाच्या खिडकीतनं बघत होतास तवा.

तिप्पण्णा : माज्या हातात रोज तुटायचा.

ईरप्पा : खुर्चीला गादी हाय म्हणं.

तिप्पण्णा : हाय.

ईरप्पा : हे सांगायचं न्हाय की मला. आता दिवसभर उभ्यानं तेच डोक्यात येणार.

तिप्पण्णा : ऐक. बोलणी चालू हाईत तवर माग बंद पाडायचे न्हाईत, कुणाला कामावरनं काढायचं न्हाय, असं ठरलंय. मला वाटलं, मी मागावर नसलो की माल कमी निघंल, मालक घायकुतीला येईल, वाढ देईल.

ईरप्पा : मग?

तिप्पण्णा : माल वाढला. मालक म्हणतो, घाई कशाची, दिवाळीनंतर बघू. आज त्यानं माज्या पाठीला उशी मागवली.

ईरप्पा : लई वंगाळ दिवस आले तुजे.

तिप्पण्णा : थट्टा न्हाय. वाढ मिळाली न्हाय तर दिवाळीत घरोघरी माज्या नावानं बोटं मोडतील. तुजी बायकू गौरम्मा पयली.

ईरप्पा : ती आत्ताच मोडती.

तिप्पण्णा : म्हणून उद्यापास्नं खुर्चीत तू बस. बाकीच्यांशी बोललोय मी.

ईरप्पा : मला न्हाय बाबा बोलता येत तितं.

तिप्पण्णा : बोलू नको. बिस्कीट खा.

ईरप्पा : आन् माग?

तिप्पण्णा : दोन्ही मी चालवतो.

ईरप्पा : मग माल निम्मा बी निघायचा न्हाय की.

तिप्पण्णा : व्हय. तेवढं मला जमतंय.