मार्ताबाईचा निरोप

तुम्ही हासता, पण त्या दिवशी जीवावरच बेतलं होतं. स्पेनची मार्ताबाई मूल गावाजवळच्या आमच्या घरी आठ दिवस पाहुणी होती. तिनं मले तिकडची रीत शिकवली होती. गप्पातून उठाचं त आधी ‘ब्वेनो’ म्हणाचं, मंग ‘मे तेंगो के इर’, म्हणजे मले निघा लागते.

सकाळी आम्ही मोहफुलं वेचून राह्यलो होतो. बाई खाली बसून आपल्या आईच्या गोष्टी सांगत होती. मी मान वर केली, त तिच्या मागं वीस पावलांवर वाघ बसलेला. जंगलात त्याचं नाव आम्ही घेत नाई. अन् सांगितल्यावर बाई किंचाळून पळाली असती, त संपलंच होतं.

मी हळूच म्हटलं, “ब्वेनो.”

ती हासत उभी झाली.

“मे तेंगो के इर,” मी म्हटलं.

पण तिकडं निरोप एवढ्यात संपत नाई, हे तिनं सांगितलंच नव्हतं! तिनं माझ्या आईची खुशाली विचारली, बायकोची विचारली, मंग गालाले गाल लावला, इकडून अन् तिकडून. मी तिच्या खांद्यावरून वाघाकडं पाहत “सी, सी”, म्हणजे हो, हो, करत राह्यलो.

शेवटी वाघच उठून नाल्यात उतरला. मंग मी तिले मातीतले त्याच्या पंजाचे ठसे दाखवले. बाई पांढरीफटक!

दुसऱ्या दिवशी ती गावी निघाली. मी फाटकातून प्रेमानं म्हटलं, “ब्वेनो...”

बाईनं पहिले मागं वळून पाह्यलं.