पितळेचं पातेलं

उल्हासनगर कॅम्प चारमधल्या मुलांच्या दवाखान्यात नातवाचा नंबर येईपर्यंत मी पुस्तक उघडून बसलो होतो. शेजारी कुळगावच्या सासू-सुना होत्या. सुनेच्या मांडीवर वर्षाचा देऊ, पोट फुगलेला.

"आत्याबाई, डॉक्टरांनी विचारलं तर सांगा, पितळेचं पातेलं बंद केलंय. त्यातलं तांबं दुधात उतरूनच याचं लिव्हर सुजलंय."

"बंदच आहे की. दूध स्टीलमध्येच तापवते."

"हां."

"मग पितळेत ओतते."

"काय?"

"स्टीलमध्ये साय धरत नाय बाई. डॉक्टर म्हणाला, तापवू नका. ठेवू नका असं कुठं म्हणाला?"

"अहो, ठेवलं तरी उतरतंच! कल्हई तरी आहे का त्याला?"

"कल्हईवाला दिवाळीपासून फिरकला नाय. त्याला बोल."

"मी दिवसभर फॅक्टरीत, म्हणून तुमच्यावर सोडलं ना?"

"याचा बाप त्याच पातेल्यावर वाढला. झालाय ना रेडा?"

"तेव्हा कल्हईवाला दर महिन्याला यायचा, तुम्हीच सांगता."

सासूनं देऊच्या पोटावरून हात फिरवला.

"सुगंधा, बरा होईल ना गं?"

"आत्ताच थांबवलं तर होईल, म्हणाले."

"मग घरी गेल्यावर पातेल्याला खालून भोक पाड."

"त्यापेक्षा मोडीत घालू."

"माझ्या आईचं नाव आहे त्यावर. त्यात मोगरा लावीन."

"मग माळ्यावर ठेवू. भोक कशाला?"

"पाड म्हणते ना! धड राहिलं तर मीच खाली काढीन."