मिठागरवालीच्या घरातला यो-यो

—नाय, असं मधूनच नाय सांगता यायचं. मुळापासून सांगते, तवा तुमाला कळंल. एक होती सखूबाई, म्हंजे मी. एक होती तिची नात मनस्वी. आन् त्या दोघींच्या मधी येऊन बसला एक यो-यो, तुमच्या कंपनीचा, तुमीच पाठवलेला. बसा असे ओट्यावर, पोर शाळेतून येईलच. तिचा बाप हितेश कळंबोलीला लोखंडाच्या बाजारात ट्रकवर, सून कामावर, घरात मीच. तर काय सांगत होते? हां. त्याच्याआधी दिवेलागणीला पोर माझ्या मांडीशी असायची. मी सांगायची मिठागराच्या गोष्टी— वऱ्हाड चिखलात रुतलं आन् नवरदेवाला पाठीवर घेऊन आनला, ती तर तिला तोंडपाठ, तरी इचारायची, "मग काय झालं आजी?" मग हा आला. मखमली पिशवीतून आला, राजाच्या पोरासारखा. माझ्या गुडघ्याला तेल लावायला सांगितलं का पोरगी म्हनते, "थांब आजी, दोरी गुंतलीय." आन् ह्याला दिवसातून कितींदा पुसते. मऊ फडक्यानं. आमच्या म्हाताऱ्याला, देवाघरी गेलेल्या जगनला, मी कधी असं पुसलं नाय.

बरं, त्यात हाय तरी काय? मी हातात घेऊन बघितला ना. जड, थंड. खाली सोडला तर खालीच गरागरा फिरत राहिला, दोरी खेचली तरी वर येईना. घरचं पोर असं हाक मारूनबी आलं नसतं तर मी वळ उठवला असता. मनस्वी म्हनते, स्पर्धेचा असाच असतो आजी, तो खाली झोपून फिरला पायजे, तवा त्याच्यावर खेळ होतात, मग दोरीनं पकडून वर बोलवायचा. म्हंजे झोपला तर कौतुक, आन् मी दुपारची पडले तर "आजी उठ." ऱ्हाऊ दे. तिचं काम काय, तर वापरून बघायचा आन् बरा का वाईट ते तुमाला कळवायचं, म्हंजे तुमी तिला पुण्याच्या स्पर्धेला तुमच्या टीममधे घेनार. खरं ना? आन् परवा तिनं फोन केला, ह्याच्या बेरिंगमधे काय तरी अडकतंय, खेचल्यावर आपसूक वर येतो. तर तुमीच म्हनालात ना, की आमचा माल तपासून गेलाय, ज्याला पारखता येत नाय त्याला टीममधे कसं घ्यायचं. रडली पोर. जेवली नाय धड. आन् आज तुमी आलात, परत घेऊन जायला.

घ्या, हा बघा, बघा उघडून. —काय हुंगता असे? खोबरेल हाय ते. कोनी म्हंजे? मीच घातलं. नवल कसलं त्यात? खाऱ्या वाऱ्यावर जन्म गेला आमचा. मिठागरवाल्याच्या घरात लोखंड आलं का आधी तेल. कोयता असू दे, विळी असू दे, कुलूप असू दे, तेल लावल्याबिगर आत नाय यायचं, नायतर आठवड्यात लाल. आन् आमच्या हितेशच्या ट्रकच्या बेरिंगला गिरीस घालतात, ते मी डोळ्यांनी बघितलंय. वैऱ्याच्या वस्तूलाबी गंज लागू देत नाय आमी. घातलं चांगलं धार धरून.

तिला का नाय सांगितलं? तिनं इचारलं नाय. इचारलं असतं तर सांगितलं असतं. —असं बघू नका, पोरं बघतात तसं. सांगनारच होते. पन तेल घातलं त्या संध्याकाळी तो नीट चालेना, तिनं त्याला पिशवीत टाकला, आन् आली, मांडीशी बसली. म्हनाली, वऱ्हाडाची सांग. दुसऱ्या दिवशीबी आली. मग म्हनलं, आजच्या दिवस ऱ्हाऊ दे. उद्या सांगू. मग ती रडली, तवा तर तोंडच उघडेना.

आता कसला वास हा, पेट्रोलसारखा? त्यानं तेल निघतं? खोबरेल आत चिकटलं म्हनून अडकत होता व्हय? —फिरला. कसा शांत फिरतोय बघा, आवाजसुद्धा नाय मेल्याला. काय म्हनता? पोरीनं बरोबर पारखलं? उघडल्याबिगर, नुसत्या हातानं सांगितलं, बेरिंगमधे अडकतंय म्हनून? मग. मिठागरवाल्याची नात हाय, मीठ कच्चं का पक्कं आमी पायाच्या तळव्यानं सांगतो. —घेनार? टीममधे? नक्की ना, आज हो उद्या नाय असं नको. हा यो-यो तिलाच ठेवायचा. दर रविवारी पुण्याला सरावाला.

दर रविवारी.

चांगलं झालं की. आमच्या घरातल्या पोरीला आजवर कुनी असं बोलवायला आलं नव्हतं. सून तर आनंदानं नाचेल, हितेश पेढे वाटेल सगळ्या आळीत. मला काय झालंय? मी पन गोड खाईन. —ती बघा, फाटक वाजलं, आलीच. पुण्याचं तुमी सांगा तिला. तेलाचं नाय, ते मी सांगीन, माझं मी बघीन. आन् सांगून झालं का निघा तुमी. आज संध्याकाळ आमच्या दोघींची हाय.