दहा तासांचं अंतर

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आदरणीय लालासाहेब पवार, सांगलीहून मुद्दाम आलेले प्रमुख पाहुणे श्री. अजितकुमार चौगुले साहेब, मुख्याध्यापक, माझे सहकारी, कुंडलचे ग्रामस्थ आणि विद्यार्थी मित्रहो,

चौगुले साहेब आताच म्हणाले, नाथाजी लाड सरांनी तीस वर्षं या शाळेत अख्खं जग आणून ठेवलं. खांद्यावर शाल घातली की माणसाबद्दल चांगलंच बोलावं लागतं, त्याला माझी हरकत नाही. पण भूगोलाचं एक उत्तर मी अगदी बरोबर दिलं, आणि ते द्यायला नको होतं. आज नोकरीच्या शेवटच्या दिवशी तेवढं सांगू ना?

माझी पत्नी राहीबाई शाळेत गेली नव्हती. आमचा एकुलता मुलगा कृष्णात इथंच शिकला, इंजिनियर झाला आणि अडुसष्ट साली लंडनला गेला. तीन वर्षं आला नाही. विहिरीवर बायका विचारायच्या, तेव्हा ही सांगायची, "कसा यील वं? लय लांब हाय त्ये. बोटीनं म्हयना म्हयना लागतुया." हे तिनं आपल्या मनानंच ठरवलं होतं, आणि त्यावर तिचे दिवस बरे चालले होते.

एकदा मी शाळेतला पृथ्वीगोल घरी नेला. मास्तरकीची खोड, दुसरं काय! दोरा लावून तिला दाखवलं. मुंबई ते लंडन सात हजार दोनशे किलोमीटर. विमानानं साधारण दहा तास.

"म्हंजी आपल्या यष्टीनं मुंबईला जायाला लागत्यात तेवढंच?"

"तेवढेच," मी म्हणालो. तिच्या हिशेबाचं मला कौतुकच वाटलं.

तिनं गोलावरच्या दोऱ्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "मग त्यो येत का न्हाई?"

कोणत्या इयत्तेच्या पुस्तकात याचं उत्तर आहे, साहेब? पुढं विहिरीवर कुणी विचारलं की ती कळशी उचलून चालू लागायची.

गेल्या श्रावणात तिला सांगलीच्या दवाखान्यात ठेवलं. मी तार केली. उलट तार आली, रजा पुढच्या आठवड्यात मिळतेय. ते तिला सांगायचा मला धीर झाला नाही. म्हणालो, "निघालाय."

"कवा?"

"आज सकाळी."

"धा तास ईमान, धा तास यष्टी," ती पुटपुटली. "मंग उद्या सकाळी यील."

दुसऱ्या दिवशी तिनं नर्सबाईंकडून वेणी घालून घेतली आणि दाराकडे तोंड करून पडून राहिली. ऊन उतरल्यावर माझा हात धरून म्हणाली, "आवं, तुमचं मोजायचं चुकलं आसंल. लांबच हाय त्ये."

मी म्हणालो, "हो. चुकलं माझं."

दोन दिवसांनी ती गेली. कृष्णात आला तो नवव्या दिवशी. त्याला दोष देत नाही. परक्याची नोकरी, पोरं लहान. प्रवास कसा झाला, एवढंच मी विचारलं. म्हणाला, "आबा, विमानाला दहा तास लागले."

असो. आनंदाच्या कार्यक्रमात घरचं बोलून बसलो. आपण एवढं प्रेम दिलंत, त्याबद्दल सर्वांचा ऋणी आहे. शिकवण्यात आणि आजच्या बोलण्यात जे उणं-अधिक झालं, ते पोटात घाला. माझं घर शाळेपासून पाच मिनिटांवर आहे. अमुक दिवशी येतो, असं मात्र कुणी सांगू नका. वाट बघणं आता झेपत नाही. सहज आलात, तर चहा टाकीन.